गाडी ओढत नाही

दसऱ्याला नवी गाडी घरी आली ती माझ्या धाकट्या भावानंच चालवत आणली. शिवकुमार परभणीच्या एका शोरूममध्ये सेल्समन आहे. मी जिंतूरला रक्त-लघवी तपासायची लॅब चालवते. बोरीकडच्या गावांतून नमुने आणायला मला रोज गाडी लागते. जुनी काढून नवी घ्यायची ठरल्यावर दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. रंगही त्यानंच निवडला, पांढरा.

"अक्का, ही गाडी मी तुझ्यासाठी बाजूला काढून ठिवलीय," तो फोनवर म्हणाला होता. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई."

माझ्या सासूबाईंनी, सिद्धम्मांनी, बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली, बेलाचं पान ठेवलं. शिवकुमारनं किल्ली माझ्या हातात दिली आणि रुमालानं मान पुसली. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण गाडीत एसी होता. मान एवढी कशी भिजली, असं मनात येऊन गेलं. पुरणपोळीचं ताट वाढून ठेवलं होतं, तरी तो जेवायला थांबला नाही. शोरूमला गर्दीचा दिवस आहे म्हणाला आणि एसटी स्टँडकडे चालायला लागला. जाताना एकदा वळून त्यानं गाडीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

पहिला महिना गाडी लोण्यासारखी चालली. मी ज्याला त्याला सांगत होते, घरातला माणूस त्या धंद्यात असला की असा फायदा होतो.

दिवाळी झाल्यावर सिद्धम्मांच्या मोतीबिंदूसाठी त्यांना घेऊन परभणीला निघाले. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. बोरी मागे पडली आणि पुढं कापसाचा ट्रक आला, गाठोडी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. समोर कुणी नाही पाहून मी गाडी उजवीकडे काढली आणि पाय दाबला. इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी पुढं जाईना. घाट चढताना येतो तसा दबलेला, घुसमटलेला आवाज येत होता. आणि तिथं रस्ता तर पाटासारखा सपाट आहे. बॉनेट किंचित वर आल्यासारखं वाटलं. काचेत आभाळ जास्त दिसायला लागलं.

समोरून टेम्पो आला. मी पाय तळापर्यंत दाबलेला होता. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून फट मिळाली. डावीकडे घेतली ती थेट काळ्या मातीत जाऊन थांबली. टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

सिद्धम्मा शांत होत्या. "लय भरली का गं गाडी?" एवढंच त्यांनी विचारलं.

गाडीत आम्ही दोघीच होतो.

दवाखान्यापाशी पोहोचलो. मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं, हात धरून त्यांना उतरवलं. दार लावायला गेले तर त्यांनी मागच्या दाराला हात लावून मला थांबवलं. "थांब की. त्यायला उतरू दी आधी."

"कुणाला, आत्या?"

त्यांनी पिकलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गोंधळल्या. मी डॉक्टरांना सांगितलं, मोतीबिंदू बराच पिकला असावा, त्यांना सावल्या दिसतायत. डॉक्टर हो म्हणाले.

तिथून मी थेट शोरूमला गेले. गाडीला वायर जोडून त्यांनी कॉम्प्युटरवर तपासलं. कुठलाच दोष नाही. शिवकुमार माझ्यासाठी चहा घेऊन आला, पण शेजारी बसला नाही.

"अक्का, घाबरून तुझा पाय उचलला गेला असंल. नव्या गाडीचं होतं असं."

"वीस वर्षं गाडी चालवते मी. पाय तळाला होता माझा."

"मग पेट्रोल खराब असंल." हे तो चहाच्या कपाकडे पाहून बोलला.

मी पेट्रोलपंप बदलला. टाकी रिकामी करून घेतली. फिल्टर बदलला. महिन्यात चार-पाच वेळा पुन्हा तसंच झालं, आणि दर वेळी गाडी चालती असताना. उभ्या गाडीत काहीच नाही. कधी एकटी असताना, कधी माझे यजमान शिवकांत बरोबर असताना. ते म्हणाले, गाडी परत करू. मी म्हटलं, माझ्या भावाची नोकरी आहे तिथं, त्याला कशाला अडचणीत आणायचं.

मग एका दुपारी बोरीहून येताना गाडी जड झाली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला. मागच्या सीटवर वजन पडलं आणि पट्टा लावलेला नसला की लागतो तो. आधी एक लाल ठिपका. मग दुसरा. मग तिसरा. टुंग टुंग आवाज सुरू झाला. मी गाडी कडेला घेतली. मागची सीट रिकामी होती. नमुन्यांची पेटीसुद्धा त्या दिवशी पुढं ठेवली होती. सीटवर हात ठेवला तर कापड ऊबदार लागलं. उन्हाची बाजू होती, हे मी स्वतःला मुद्दाम सांगितलं.

बोरीच्या पंपावर बन्सीधर भेटले ते त्याच आठवड्यात. पन्नाशीचे, बोरीला कापूस-सोयाबीनची मोठी शेती. माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून ते समोर उभे राहिले.

"ताई, तुमची बी गाडी मधीच दम टाकती का?"

मी मान हलवली.

"माझी बी हीच. हाच रंग. झरीच्या अलीकडं ट्रॅक्टरला ओलांडायलो होतो, ओढंनाच. मागून ट्रक आला." त्यांनी नजर खाली घातली. "आमची बायकू, सुलाबाई, चार म्हैने झाले खाटंवर हाय. कंबरंतून गेली."

"शोरूमवाले काय म्हणाले?"

"शोरूमला माझा सख्खा पुतण्याच हाय हो. त्यानंच बाजूला काढून ठिवली होती गाडी. काका, तुमच्यासाठी म्हणला."

पंपावरच्या पोरांचा कलकलाट मला ऐकू येईनासा झाला. तेच शब्द. बाजूला काढून ठेवली.

"तो आता फोन उचलीत न्हाई," बन्सीधर म्हणाले. "गाडी म्या गोठ्यापाशी उभी केलीय. ताई, एक सांगू? वजन करून बघा तिचं. रिकामीचं न्हाई. ओढंना झाली की तशीच न्या काट्यावर. म्या न्हेली होती."

"किती भरलं?"

"तुमच्या डोळ्यानं बघा. माझ्यावर लोकं हसले."

रविवारी मी शिवकुमारला जिंतूरला बोलावलं. सिद्धम्मांचं ऑपरेशन झालंय, बघायला ये म्हटलं. तो आला. सिद्धम्मांच्या पाया पडला. जेवण झाल्यावर मी म्हटलं, चल, बोरीला एक काम आहे, तुला तिथून सोडते. तो नको म्हणत होता. एसटीनं जातो म्हणाला. बाहेर येऊन मी गाडीचं मागचं दार उघडलं तर तो दोन पावलं मागे सरला.

"म्होरं बसतो मी," म्हणाला.

शेवड्याच्या पुढं रस्ता चांगला झालाय. कापूस वेचणाऱ्या बाया घरी निघाल्या होत्या. बोरीची पाण्याची टाकी दिसायला लागली आणि पायाखाली गाडी जड झाली. आवाज घुसमटला. बॉनेट वर आलं. ठिपके एकेक करून लागले.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही, काय झालं हे विचारलंही नाही.

तेव्हा मला कळलं, की त्याला माहीत होतं.

पहिल्या गिअरमध्ये ढकलत मी गाडी कापसाच्या जिनिंग मिलच्या आवारात आणली आणि भुईकाट्यावर चढवली. कापसाच्या ट्रॉल्या मागे थांबल्या होत्या. काटेवाल्यानं खिडकीतून आधी आकड्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"ताई, मागं काय भरलंय?"

आम्ही दोघं धरून साडेबारा क्विंटलच्या आत भरायला हवं होतं. आकडा साडेचौदाच्या पुढं होता.

"उतर," मी शिवकुमारला म्हटलं.

तो उतरला. आकडा त्याच्या वजनाएवढाच खाली आला. मग मी उतरले. माझ्या वजनाएवढाच आला. रिकामी गाडी काट्यावर उभी होती, दारं बंद, आणि मागची चाकं दबून पार आत गेली होती. काटेवाला खिडकीतून मागं सरला.

"सांग," मी म्हटलं.

"अक्का, घरी चल. घरी सांगतो."

"इथं सांग."

तो काट्याच्या कडेला उभा राहून रडायला लागला. मोठा माणूस, दाढी राखलेला, लहानपणी माझ्या पदरात तोंड लपवून रडायचा तसा.

"कंपनीच्या यार्डातून आणल्या तवापासून ह्या काही गाड्या अशाच होत्या. गिऱ्हाइकाला दाखवायला न्हेलं की बंद पडायच्या. साहेब म्हणले, ह्या बाहेर देऊ नका. आपापल्या घरच्या माणसाला द्या. घरचं माणूस बोंबलत न्हाई, कोर्टात जात न्हाई."

"आणि तू मला दिलीस."

"दसऱ्याला परभणीहून निघालो तर बोरीपासून जड होती, अक्का. मागं बसल्यासारखे... मी आरशात बघितलं न्हाई. तुझ्या दारात आलो, तुझ्या हातात किल्ली दिली, अन् हलकं झालं. माझ्या अंगावरूनच काहीतरी उतरलं." त्यानं नाक पुसलं. "मला वाटलं, गेलं. तुझ्यापशी कशाला जाईल?"

मला त्याला मारावंसं वाटलं. सिद्धम्मा त्या टेम्पोपुढं शेजारी बसल्या होत्या, हे मला दिसत होतं. सुलाबाई खाटेवर होती. आणि हा माझ्या दारात पुरणपोळी न खाता गेला होता.

"धर," मी म्हटलं आणि किल्ली त्याच्या अंगावर फेकली.

त्यानं ती झेलली. माणूस झेलतोच.

आकडा हलला.

एका माणसाचं वजन कमी झालं. मग थोडं थांबून दुसऱ्याचं. मग एक लहानसं, पोराएवढं. मग आणखी एक. दार एकही उघडलं नाही. गाडीची मागची बाजू हळूहळू वर येत गेली, उतरताना कुणी आधाराला धरावी तशी हलत हलत. शेवटी आकडा गाडीच्या वजनावर येऊन थांबला.

शिवकुमार माझ्याकडे बघत मागं सरकत होता. त्याचे खांदे खाली आले होते.

"अक्का, परत घे. अक्का, हे बघ, घे ना."

मी हात पाठीमागे नेले.

मागच्या ट्रॉलीवाल्यानं हॉर्न वाजवला. शिवकुमार गाडीत बसला. मागची चाकं पुन्हा दबली. गाडी वालूरच्या फाट्याकडे निघाली, जड, घसटत. वालूरला आमचं माहेर आहे. आई तिथं एकटीच राहते. मला तेव्हा एवढंच वाटलं, की जाऊ दे, आईजवळ जाऊन रडेल. खरं सांगायचं तर मला हलकंही वाटलं.

बोरीच्या स्टँडवर तासाभरानं जिंतूरची एसटी मिळाली. खिडकीशी जागाही मिळाली. थोडाच उजेड उरला होता. फोन वाजला तेव्हा आम्ही शेवड्याच्या अलीकडं होतो. आई होती.

"महेश्वरी, आगं शिवकुमार आला अन् लगीच गेला बी. गाडी माझ्या दारात ठिवून गेला. आई, ही तुला घे, म्हणला. मला कशाला गं गाडी? अन् पाणीसुदीक पेला न्हाई, रस्त्यानं पळतच सुटला."

"आई, किल्ली कुठंय?" मी ओरडले. शेजारची बाई दचकली.

"हातात हाय की माझ्या. आसं का वरडायलीस?"

"खाली ठेव. बाहेर फेकून दे. आई, ऐक, घराबाहेर जा. शेजारी जा."

"आगं, आशी कशी जाऊ?" आईनं आवाज खाली आणला. पाव्हण्यांनी ऐकू नये म्हणून ती तसा आणते. "त्यानं संगं आणलेली माणसं हायेत ना घरात. त्यायला बसवून न्हाई का जावं? चहा टाकलाय मी. लय चांगली हायेत बिचारी. बाई तर तुझी लय तारीफ करायलीय. म्हणती, तुमची लेक गाडी लय जपून चालवती."