कुंडीतला घोट

कंपनीच्या मालकीणबाईंच्या घरी चहापान होतं. पाहुण्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात कंपनीतल्या एका मुलीने कप उचलला, डोळे मिटले आणि असा काही भुरका मारला की बोलणाऱ्यांची बोलणी अर्ध्यावर राहिली. इथपर्यंतसुद्धा निभावलं असतं, कारण भुरके मारणारी माणसं जगात कमी नाहीत. पण तिने तो घोट तोंडात घोळवला, या गालातून त्या गालात फिरवला आणि सवयीने शेजारच्या कुंडीत थुंकून टाकला.

तिचा दोष म्हणाल तर एवढाच, की ती चहाच्या कंपनीत टेस्टर होती. दिवसभर पांढऱ्या कपांच्या रांगेपुढे उभं राहायचं, चमच्याने घोट जोरात ओढायचा म्हणजे वास नाकापर्यंत चढतो, मग तो घोळवायचा आणि पायाशी ठेवलेल्या पिकदाणीत टाकायचा. टेस्टर चहा गिळत नाहीत. गिळायला लागले तर चार दिवसांत पोटाचे आणि झोपेचे बारा वाजतील. आणि हिची जीभ तर अशी की पानं उन्हात खुडली की सकाळच्या गारव्यात, वाळवणारा घाईत होता की निवांत, सगळं एका घोटात सांगायची. ज्यांचे केस त्या कपांपुढे पांढरे झाले ते टेस्टरकाकाही म्हणायचे, पोरगी माझ्या पुढे गेली. फक्त दिवाणखान्यात पिकदाणी नसते, तिथे कुंडी असते, एवढं तिच्या लक्षात राहिलं नाही.

सगळ्या माना तिच्याकडे वळणार, तेवढ्यात मध्ये एक उंच पाठ आली. विक्री विभागात नुकताच रुजू झालेला तरुण होता तो. त्याने कुंडीवर वाकून झाडाची चौकशी केली, चहाने म्हणे पानं टवटवीत होतात असं शेजारच्यांना ऐकवलं, आणि आपला भरलेला कप खुशाल कुंडीत ओतून दिला. शेजारच्या दोघांनीही कौतुकाने आपापले कप ओतले. झाड बिचारं काय म्हणालं असेल कोण जाणे.

"तुम्हाला चहा नको होता का?" तिने हळूच विचारलं.

"हवा होता की... पण तुमची एकटीची बदनामी बघवेना."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत चेष्टा होती, पण टोचणारी नव्हती. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तशातच मालकीणबाई जवळ आल्या आणि चहा कसा झालाय म्हणून विचारत्या झाल्या. आणि आपल्या या गुणी मुलीने सांगून टाकलं, की चहा तीनदा उकळलाय आणि कप धुताना साबण राहिलाय.

ऑफिसात तिला निकालबाई म्हणत, ते उगीच नाही. तोंड उघडलं की निकाल लागलाच. कोणाच्या डब्यातलं तेल खवट, कोणाचा नवा शर्ट ओलसर कपाटातला, सगळं खरं आणि सगळं नको तेव्हा. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी कोणी बसत नसे. तिला त्याचं काही वाटत नाही असं सगळे धरून चालले होते. वाटायचं. फार वाटायचं. दुसऱ्या टेबलावरचं हसणं ऐकत एकटीने जेवताना घास फिरायचा.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साबणाचा विषय त्यांनी काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा. काका निवृत्त होताहेत, त्यांची खुर्ची खरं तर हिचीच, पण त्या खुर्चीवर बसणाऱ्याला खरेदीदारांसोबत बसावं लागतं, बोलावं लागतं, हेही तिला कळायला हवं, असं त्या म्हणाल्या. मग थेट मुद्द्यावर आल्या. "पुढच्या महिन्यात मोठे खरेदीदार येताहेत. त्या दिवशी पुढच्या टेबलावर तू बस. एक माणूस जरी दुखावून गेला, तर मी बाहेरून टेस्टर आणेन, आणि तू मागच्या खोलीतच राहशील. कायमची."

घरी आत्याला सांगितलं, तर आत्या म्हणाली, जित्याची खोड, बाळा, तुझ्या बापाचीही गेली नाही. पण ताटावरून उठताना तिचं ठरलेलं होतं. जी जीभ एवढे वास, एवढ्या चवी शिकली, ती माणसांशी बोलायला का नाही शिकणार? तिला ती खुर्ची हवी होती, आणि त्या दुसऱ्या टेबलावरची एक जागासुद्धा हवी होती.

सकाळी तिने विक्री विभागात जाऊन त्या तरुणाला गाठलं. त्याला एव्हाना सगळे गोडबोल्या म्हणायला लागले होते.

"मला बोलायला शिकवा," ती म्हणाली.

"बोलता तर येतं तुम्हाला. परवा सगळ्यांनी ऐकलं."

"चेष्टा नको. शिकवणार की नाही?"

त्याने पेन खाली ठेवलं. बहुधा एवढं सरळ त्याच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. "शिकवतो," तो म्हणाला, "पण रोज संध्याकाळी कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसावं लागेल. लोक काय काय बोलतील..."

"बोलू देत. मला तेच शिकायचंय."

झालं. ऑफिस सुटलं की खिडकीजवळच्या टेबलावर दोघांची शाळा भरू लागली. त्याचा पहिला नियम असा, की निकाल देण्याआधी एक प्रश्न विचारायचा, आणि उत्तर पुरतं ऐकायचं. दुसरा असा, की कोणी घरी बोलावून दिलेला चहा नेहमी चांगलाच असतो. हा दुसरा नियम तिला काही केल्या पटेना. खोटं कसं बोलायचं? त्यावर दोघांचं रोज वाजायचं. तो मोठा खरेदीदार होऊन कुरकुरायचा, ती त्याला प्रवासाबद्दल विचारायची, आणि मध्येच त्याच्या भुवया अशा काही उडायच्या की तिला हसू आवरायचं नाही. इतकं हसायला येतं हे तिला स्वतःलाच नवीन होतं.

गृहपाठ म्हणून तिने हिशेब विभागातल्या ताईंना निवडलं. त्यांचं अत्तर इतकं जहाल, की त्या गेल्यावरही जिन्यात तासभर रेंगाळायचं. नेहमीचा निकाल ओठांवर आला होता. तो तिने मागे ढकलला आणि हे अत्तर कुठलं म्हणून विचारलं. ताई थांबल्या. त्यांची बहीण लावायची म्हणे. बहीण गेली, अर्धी बाटली राहिली, आता संपत आलीय, म्हणून हल्ली जरा जास्तच लावते, घरच्यांना वाटतं मी वेडी झाले... तिने ताईंचा हात धरला, आणि नेमकं तेच करायचं होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना ताई डबा घेऊन तिच्या टेबलाशी आल्या. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मिरची लागली म्हणून तिने वेळ मारून नेली, आणि हे तिचं पहिलं सराईत खोटं.

असेच दिवस चालले होते. एका संध्याकाळी बाहेर भुरभुर पाऊस होता, आणि गोडबोल्याने दोन कप आणले. तिने नाकाजवळ नेला मात्र, कप तसाच खाली ठेवला. साखरेचा डबा कोणीतरी लोकरीच्या कपड्यांच्या कपाटात ठेवला असणार. चहाला डांबरगोळ्यांचा असा भपकारा होता की उंदीरही पळाला असता. आणि समोर हा पठ्ठ्या अर्धा कप संपवून मिटक्या मारत होता.

तिच्या मनात चटकन सगळं जुळलं. चहाचं वर्णन करताना तो आधी काकांनी पेटीवर लावलेली चिठ्ठी वाचायचा. कप नाकाशी न्यायचा, पण श्वास ओढायचा नाही. निकाल जिभेच्या टोकावर होता. तिने तो गिळला आणि नियमाप्रमाणे प्रश्न विचारला.

"कधीपासून?"

त्याचा हात थांबला. त्याने कप खाली ठेवला. "गेल्या वर्षी ताप आला होता," तो म्हणाला. "ताप गेला, वास गेला. गोड, आंबट, खारट, कडू कळतं. बाकी काही नाही... डॉक्टर म्हणतात येईलही, न येईलही." मग कसाबसा हसला. "चहा विकणाऱ्याला चहाच कळत नाही. मालकीणबाईंना कळलं तर संपलंच."

"माझ्याकडून नाही कळणार," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगायला हवं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?"

"सांगेन... एकदा ते खरेदीदार येऊन जाऊ देत."

परत जाताना एका छत्रीत दोघं होते. जुने वास आठवतात का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, आठवतात ना, सगळे आठवतात, तेवढ्यावरच तर चाललंय. थोडं पुढे जाऊन त्याने विचारलं, "आत्ता कसला वास येतोय?" तिने श्वास भरून घेतला आणि ओल्या रस्त्याचा, भिंतीवरच्या शेवाळाचा, लांबच्या कोणाच्यातरी भट्टीतल्या पावाचा, एकेक वास त्याला सांगत गेली. तो डोळे मिटून ऐकत चालला, म्हणून तिला त्याचं कोपर धरावं लागलं. बसस्टॉप आला तरी तिने ते सोडलं नाही, आणि त्यानेही आठवण करून दिली नाही.

आणि तो दिवस उजाडला. खरेदीदार आले, पांढऱ्या कपांची रांग लागली. कंपनीची रीत अशी, की विक्रीवाल्याने चहाचं वर्णन करायचं, टेस्टरने पहिला घोट घ्यायचा, मग पाहुण्यांनी. सगळं सुरळीत चाललं होतं. तिने थोरल्या खरेदीदारांना प्रवासाचं विचारलं, गुडघेदुखीचं पुराण पुरतं ऐकलं, आणि मालकीणबाईंच्या कपाळावरची आठी विरत गेली.

शेवटचा कप कंपनीचा सगळ्यात महागडा चहा होता. गोडबोल्याने त्याचं वर्णन असं रंगवलं, की डोंगरातली रानफुलं खोलीत उमलली. सगळे खूश झाले. तिने घोट ओढला... आणि घोळवता घोळवता थांबली. रंग. भिंतीला देतात तो तेलाचा रंग. गोदाम नुकतंच रंगवलं होतं, आणि चहा शेजारच्याचा वास लगेच घेतो.

तिने घोट पिकदाणीत टाकला. थोरल्या खरेदीदारांचा चमचा कपाकडे निघाला होता. छान म्हणावं, तर पुढच्या क्षणी त्यांना कळणार होतं. रंगाचा वास येतोय म्हणावं, तर रंगाला रानफुलं म्हणणारा विक्रेता सगळ्यांसमोर उघडा पडणार होता. तिने गोडबोल्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून त्याला कळलं, आणि त्याचा रंग उतरला.

आधी प्रश्न, तिने स्वतःला बजावलं.

"साहेब, तुम्ही कधी नव्या रंगवलेल्या गोदामात चहा ठेवलाय?" तिने विचारलं.

थोरल्यांचा चमचा थांबला. ते हसायला लागले. तरुणपणी एकदा अख्खी गाडी अशी वाया घालवल्याची हकीकत त्यांनी साग्रसंगीत सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली.

"मग तुम्हाला सांगायला नकोच," ती म्हणाली. "यांनी सांगितलेली फुलं या चहात आहेत, मी स्वतः चाखलीत. या पेटीला मात्र आमच्या गोदामाचा रंग लागलाय. ही मी तुम्हाला देणार नाही. रंग देण्याआधी काढून ठेवलेली पेटी आहे, ती उघडते."

नवी पेटी उघडली. थोरल्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि गोडबोल्याकडे वळून म्हणाले, अगदी तुम्ही म्हणालात तश्शीच फुलं.

पाहुणे जाताच तो मालकीणबाईंपुढे उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मालकीणबाई भडकल्या. वास न येणाऱ्याने चहा विकावा, ही थट्टा आहे की काय, उद्यापासून येऊ नका, इथपर्यंत गेल्या. ती मध्ये पडली नाही. त्यांचं पूर्ण होईपर्यंत थांबली, मग विचारलं, "आज सगळ्यात जास्त माल कोणत्या चहाचा गेला?"

"शेवटच्या," मालकीणबाई घुश्शातच म्हणाल्या.

"त्यातली फुलं मला नुसती कळतात. सांगता येत नाहीत. मी सांगितलं असतं तर गवताचा वास, चांगला, एवढंच म्हटलं असतं. यांना कळत नाहीत, पण सांगता येतात. काकांच्या खुर्चीशेजारी अजून एक खुर्ची ठेवा. आधी मी चाखेन, मग हे बोलतील."

"आणि नाही ठेवली तर?"

"तर मला वाईट वाटेल," ती म्हणाली. "आणि मी उद्या पुन्हा विचारेन."

मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पोरगी बोलायला शिकली म्हणायची, असं काहीतरी पुटपुटल्या, आणि दुसरी खुर्ची आणायला सांगून निघून गेल्या.

संध्याकाळी कॅन्टीन रिकामं होतं. आज चहा तो स्वतः करणार होता. किती तरी वेळ भांड्यांची आदळआपट चालली, आणि मग त्याने एकच कप तिच्यासमोर ठेवला.

"कसा झालाय?" तो म्हणाला. "आणि दुसरा नियम लक्षात आहे ना?"

"तो नियम मला कधीच पटला नाही." तिने भुरका मारला, घोट घोळवला आणि कोपऱ्यातल्या कुंडीत टाकला. "भयंकर झालाय. पानं जळलीत, दूध नंतर घाईने ओतलंय, आणि साखर तू दोनदा घातलीस. पहिल्यांदा घातलेली विसरलास, कारण तुझं लक्ष इकडे होतं."

तिने तू म्हटलं, ते दोघांनाही ऐकू आलं. तो टेबलाच्या कडेला टेकला.

"मला तुझ्याकडून असंच ऐकायचंय," तो म्हणाला. "रोज. सगळ्या वासांचं, सगळ्या चवींचं... आणि माझं काय चुकतंय त्याचंही. तू मला आवडतेस, निकालबाई. पहिल्या कुंडीपासून."

तो बोलत असताना तिने घेतलेला दुसरा घोट अजून तोंडातच होता. त्याने तत्परतेने कोपऱ्यातली कुंडी उचलून तिच्यापुढे धरली.

तिने मान हलवली, कुंडी हाताने बाजूला सारली आणि घोट गिळला. मग त्याच्या डोळ्यांत बघत बघत तो जळका, दुप्पट गोड, भयंकर चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि रिकामा कप त्याच्या हातात दिला.

"उद्या पुन्हा कर," ती म्हणाली.