सशाचे दात

भिंग तडकलं नसतं, तर सत्यशीला त्या दुकानात कशाला पाय ठेवती? शेंद्रा एमआयडीसीतल्या कारखान्यात डाय, म्हणजे माल ठोकायचे पोलादी साचे, पॉलिश करायचं तिचं काम. भिंगाशिवाय ओरखडा दिसायचा कसा? म्हणून सुट्टीच्या दिवशी, भुरभुर पावसात ओढणी डोक्यावर घेऊन ती गारखेड्यातल्या चष्म्याच्या दुकानात शिरली. तर दुकानदार एका नाण्यात डोळा घालून बसलेला!

"अहो, दुकान चालू हाय ना?"

"अं? व्हय, व्हय… या ना." सम्यक दचकला आणि का कोण जाणे, त्यानं आपलं भिंग तिच्यापुढं केलं. "बघा तर, ह्या बाबाच्या ओठांवर काय दिसतंय?"

अमेरिकेचा अर्धा डॉलर होता, एकोणीसशे पंचावन्न सालचा. त्यावर फ्रँकलिन या जुन्या अमेरिकन नेत्याचा चेहरा, आणि त्याच्या ओठांतून बाहेर डोकावणारे दोन बारीक दात.

"अगं बाई! सशाचे दात!"

"नाणी जमवणारेसुद्धा हेच म्हणतात. मागच्या बाजूच्या गरुडाचा पंख आहे तो."

"मग ठोकताना दोन डायच्या मधे पत्रा लागला नसंल," ती सहज म्हणाली. "पत्रा नसला की वरची डाय खालचीवर आदळते. एकीचा वळ दुसरीवर उठतो. पुढं निघेल त्या मालावर तोच वळ. आमच्याकडं असा माल भंगारात जातो."

"आणि आम्ही तोच शोधत फिरतो. मधे काही नसताना दोघी भेटल्या, म्हणून खूण राहिली…" बोलून झालं आणि त्याचेच कान लाल झाले. तिनं ते पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

भिंग दुरुस्त झालं, पण बाईंच्या रविवारच्या फेऱ्या काही थांबेनात. कधी आईच्या चष्म्याची दांडी सैल, कधी काच पुसायचं फडकं हवं. सम्यक एकेक नाणं काढून दाखवायचा, ती कुठं काय बिघडलं ते सांगायची, आणि चहा गार व्हायचा. तिला तो आवडायला लागला होता, अगदी मनापासून. पण गेल्या साली एका स्थळानं गोडगोड बोलून झुलवत ठेवलेलं, त्यामुळं ती जीव जपून होती.

एका रविवारी त्यानं ते सशाचं नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. कॉलेजपासून शोधून शोधून मिळवलेलं!

"तुमच्या कारखान्यातल्या मायक्रोस्कोपखाली बघाल?"

तिनं बघितलं. चांदी काळी पडली होती. हिच्या मनात आलं, चकचकीत करून द्यावं, किती खूश होईल! बफवर, पॉलिशच्या फिरत्या चाकावर, दोनच हात फिरवले. पॉलिशवालीचा हात तो, आरसाच झाला नाण्याचा.

पुढच्या रविवारी तिनं रुमाल उघडला. "बघा!"

सम्यकनं नाणं उजेडाकडं धरलं. मग म्हणाला, "झकास!" आणि एरवी प्रत्येक नाणं दहादा भिंगाखाली धरणारा हा माणूस, त्यानं ते पुन्हा न बघता खणात टाकलं.

घरी येऊन तिनं मोबाईलवर शोधलं. जुनं नाणं कधी घासायचं नसतं… घासलं की बारीक खुणा पुसल्या जातात. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरली ती थेट दुकानात.

"दात गेले ना?"

"…गेले."

"मग झकास कशाला म्हणालास?" तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही.

"तुझा चेहरा एवढा फुललेला… नाण्यापायी तुला रडवू का?"

"रडले असते की! चूक माझी, मी रडले असते. पण तू खोटं बोललास. ते स्थळवालेही असंच गोड बोलत होते. मला तोंडावर खरं सांगणारा माणूस पायजे. आयुष्यभर काय असंच झकास झकास करत बसणार व्हय?"

शब्द निसटला.

"राग आला होता," सम्यक हळूच म्हणाला. "लई आला होता. काल जेवलो नाय. आणि तरी आज दिवसभर रस्त्याकडंच बघत होतो, तू येतेस का म्हणून." तो थांबला. "आणि… आयुष्यभर म्हणालीस?"

सत्यशीलेनं डोळे पुसले, मान वर केली.

"मग? दोन दिवसांसाठी भांडायला आले व्हय मी?"