वेबसाइटवरचं जंगल

"गाडी बंद करा. कुऱ्हाड कुठी लपवली?"

आदेशने मोटरसायकल बंद केली. समोर हातात काठी घेतलेली मुलगी. तिच्यामागे मोहाची फुलं टपटप पडत होती. बल्लारपूरहून इथवर येताना त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, ही थेट कुऱ्हाड विचारत होती.

"कुऱ्हाड नाई, लॅपटॉप आहे. तुमच्या जंगल राखण गटाची वेबसाइट बनवायले आलो."

"दाखवा."

तिने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला. मग हसली. आदेशचं काम बिघडलं ते इथेच… पण त्याला ते कळलं नाही.

गावात प्रत्येक घराने पाळीने जंगल राखायचं, असा नियम. त्या दिवशी पाळी या काठीवाल्या मुलीची, ललिताची होती. पाहुण्याला जंगल दाखवायचं कामही गटाने तिच्यावरच टाकलं. आठवडाभर ती पुढे, तो मोबाइल धरून मागे.

"हा आमचा बांबू. काढला फोटो?"

"काढला."

"मले वाटलं, माझ्याकडंच पाहून राह्यले…"

"छे — बांबूच पाहून राह्यलो!"

हे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, याची नोंद घ्यावी.

ग्रामसभा शाळेत भरली. इथे निर्णय सगळ्यांच्या होकाराने होतो. एकजण 'नाई' म्हणाला की विषय बंद. आदेशने घाईघाईत लावलेली वेबसाइट शाळेच्या टीव्हीवर उघडली.

'आमचा बांबू' — बांबूला टेकलेली ललिता.

'आमचा तलाव' — पाण्यात पाय सोडून बसलेली ललिता.

'आमची मोहफुलं' — ललिताचा कान, आणि मागे अंधूक पिवळसर काहीतरी.

सभा गार. अध्यक्ष दसरूभाऊंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बाबू, जंगल कुठी आहे?"

सगळ्यांत मोठा धक्का आदेशलाच बसला होता. आपल्या घरी चोरी झाल्याचं टीव्हीवरून कळावं, तसा तो बघत होता.

"मले… आत्ताच समजून राह्यलं," तो म्हणाला.

"काय?" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बुधरीबाई पुढे सरकल्या. त्यांच्याबरोबर अख्खी सभा सरकली.

"मी जंगल पाह्यलंच नाई…"

कुणीतरी खोकलं. दसरूभाऊ नियमाने चालणारे. "वेबसाइट मंजूर आहे का सगळ्यायले?"

"मले नाई." ललिता उभी होती.

विषय बंद. आदेशने लॅपटॉपची पिशवी जवळ ओढली.

"हे फोटो काढून टाका," ती म्हणाली. "जंगलाचे नवीन पायजे."

"दोन दिवसांत करून देतो," तो पडेल आवाजात म्हणाला.

"दोन दिवसांत?" ती भडकली. "दोन दिवसांत तलाव भरन का? धान पिकन? पावसाळ्यातलं जंगल पायजे, थंडीतलं पायजे… वर्ष लागन. मी दाखवीन."

आदेश पिशवीची चेन लावत-उघडत राहिला. बुधरीबाईंनी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"अरे हो म्हण ना, बावळ्या! पोरगी थांब म्हणून राह्यली तुले!"

त्याने हो म्हटलं. आवाज निघाला नाही.

"आयकू नाई आलं," दसरूभाऊ म्हणाले. "सगळ्यायचा होकार पायजे."

"हो—!"

छपरावरची वानरं पळाली. ललिताने मान खाली घातली. शेजारून जाताना हळूच म्हणाली, "आता माझ्याकडं नोका पाहू… सगळे पाहून राह्यले."

तो आज्ञाधारकपणे टीव्हीकडे पाहू लागला. तिथेही तीच होती.