नदीकाठची मऊ माती

पाय घोट्यापर्यंत रुतला आणि तिला हसूच फुटलं. माती तपासायला आलेल्या इंजिनियर बाईंना मातीनेच धरून ठेवलं होतं!

"हात द्या..." जागेचा मालक पुढे झाला. पाय सुटला, बूट आतच राहिला.

"तुमच्या मातीला मी आवडलेली दिसते."

"पारख आहे तिला —" तो बोलून गेला आणि स्वतःच लाजला.

तो वास्तुकार होता. वडील गेल्यापासून चौथ्या मजल्यावर एकटी कोमेजत चाललेल्या आईसाठी त्याला इथे दगडी घर बांधायचं होतं. तिला अंगण हवं होतं, पाण्याचा आवाज हवा होता.

मातीचे नमुने प्रयोगशाळेत आले आणि काही ना काही निमित्त काढून संध्याकाळी तोही येऊ लागला. खिडकीबाहेर रिमझिम, टेबलावर करडी-निळी, लोण्यासारखी माती.

"हिच्यातली खनिजं कागदासारख्या थरांची असतात," ती सांगायची. "थरांमध्ये पाणी शिरलं की फुगते, वाळली की आक्रसते. हात लावला नाही तोवर जरा तरी ताठ... एकदा ढवळली, की तेवढाही ताठा जातो."

"माझंही तसंच झालंय..." तो पुटपुटला.

तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. वहीत लिहिलेला नमुन्याच्या वजनाचा आकडा मात्र चुकला.

शेवटी निकाल हाती आला. मऊ माती खूप खोलवर गेलेली होती. तिला फोनवर सांगता आलं असतं, पण तिने त्याला बोलावून घेतलं.

"दगडी घर इथे नको. एका बाजूने खचेल, भिंती तडकतील."

"आईला काय सांगू मी?"

"खरं ते."

तो अहवाल उचलून निघून गेला. मग कितीतरी दिवस दार वाजलं की ती हातातलं काम टाकून उठायची... आणि दारात भलतंच कुणीतरी असायचं.

एका दुपारी तो आला. सोबत आई.

"माझ्या घराला नाही म्हणणारी ती हीच का?" आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बरं केलंस हो, पोरी. या वयात माझ्याच्याने दोनदा घर लावणं झालं नसतं."

आई मुद्दामच खिडकीपाशी जाऊन पाऊस बघत उभी राहिली. त्याने नवा नकाशा उलगडला. हलकं लाकडी घर, खाली कठीण थरापर्यंत गेलेले खांब.

"तपासून द्याल?"

"देईन."

"आणि... राहायला येशील?"

ती नकाशावर वाकून एकेका खोलीवरून बोट फिरवू लागली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"येईन की. पण माझे मातीचे डबे ठेवायला खोली कुठे काढलीयस तू?"