आवतान गेलंय

काय म्हणालीस मनाली? परत सांग. एकदा टाकलेलं नाव पुन्हा टाकलं की तुझी ती शीट घेतच नाही? लाल फुली दाखवते? वा. सोसायटीच्या पूजेची यादी, आणि तिच्या दारात वॉचमन बसवलास म्हण की! छान आहे गं, मी नावं ठेवत नाहीये, लगेच तोंड वाकडं करू नकोस. फक्त फ्लॅट नंबर धरून तपास. नुसतं नाव धरू नकोस.

का म्हणजे? ऐकायचंय? मग बसा. प्रणित, तो मोबाईल आधी उलटा ठेव. खालून उजेड पडला की तूच भूत दिसतोस. आणि मध्येमध्ये ‘काका, खरंच का’ असं विचारायचं नाही. मी कशाला खोटं सांगू? मला काय त्याचे पैसे मिळतात?

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही, निकेतच्या बाबतीत घडलंय. निकेत म्हणजे आपल्या बाजूच्या बिल्डिंगमधल्या रसिकाताईंचा मुलगा. तो उंच, चष्मेवाला, खाली मान घालून चालतो तो. मरोळला ऑफिसात दिवसभर एक्सेलच करतो. त्याने मला हे याच गच्चीवर सांगितलं.

रसिकाताईंचं माहेर खारीतलं. तुम्ही पोरं खारी म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा स्टॉप समजता. अरे, ते गाव आहे. चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्या म्हणून गाव काही उठून गेलेलं नाही. तिथे निकेतचे मामा राहतात, ईश्वर घरत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचं, समिधाचं लग्न होतं. मामांनी निकेतला काम दिलं, आवतानाची यादी करायची.

आवतान म्हणजे बोलावणं. पण व्हॉट्सअपवरचं नव्हे. घरचा माणूस हळदीचे तांदूळ आणि सुपारी घेऊन दारात यायला हवा, घरधन्याचं नाव घेऊन त्याने म्हणायला हवं, चूलबंद आवतान आहे. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, अख्खं घर आमच्याकडे जेवायला. असं आवतान आलं नाही तर माणूस मांडवात पाय टाकत नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. उपाशी बसेल, पण येणार नाही.

आणि एका दारी ते एकदाच न्यायचं. दुसऱ्यांदा नेलं तर ते त्या घरातले मेलेले घेतात, असं जुनी माणसं म्हणतात. समिधाच्या भावाच्या लग्नात नेमकं तसं झालं होतं. एका घरी दोघं जण वेगवेगळे जाऊन आले, आणि त्या घरातल्या म्हातारीने भर मांडवात मामांना धारेवर धरलं. म्हणून मामा निकेतला म्हणाले, ‘या वेळी एक नाव दोनदा आलेलं मला चालणार नाही.’

निकेतला हे म्हणजे हातचा मळ. त्याने शीटला नियम लावला, तुझ्यासारखाच. नाव दोनदा टाकलं की फुली, आणि फुलीखाली त्याने गमतीने स्वतःच एक ओळ लिहून ठेवली. ‘आवतान गेलंय.’

आता नीट ऐका. मामांनी त्याला पिशवीभर कागद दिले. एक मामांचा, एक मामींचा. आणि एक शकूआत्याचा. शकूआत्या म्हणजे गावातली धवलारीण. लग्नात गाणी म्हणून देवांना आणि भावकीतल्या मेलेल्या माणसांना बोलावणारी बाई. ती सगळी नावं तिला पाठ, पण हल्ली विसरायला होतं म्हणून तिने कुणाकडून तरी कागदावर लिहून घेतली होती. आता हे आपल्या जेसल पार्कात वाढलेल्या पोराला कुठून कळणार? त्याने तोच कागद आधी घेतला आणि सगळी नावं टाकली. त्यात एक नाव होतं, धर्मा गोमा घरत.

मग मामांचा कागद घेतला. त्यातही आलं, धर्मा गोमा घरत. टाकलं. फुली. ‘आवतान गेलंय.’

निकेतला वाटलं, बघा, कसं पकडलं! कॅन्सल केलं आणि पुढे गेला.

आता त्या गावची पद्धत अशी की आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं. धर्माचा मुलगा गोमा, गोमाचा मुलगा पुन्हा धर्मा. म्हणजे आजोबाही धर्मा गोमा आणि नातूही धर्मा गोमा. आजोबा जाऊन कैक वर्षं झाली. नातू जिवंत होता. पण यादीत गेले ते आजोबा, आणि त्यांच्यापुढे गल्लीचं नाव नव्हतं म्हणून आवतान वाटणाऱ्या पोरांनी ती ओळ सोडून दिली. जिवंत माणसाच्या दारात कुणी गेलंच नाही.

हा नातू धर्मा एकटा. साठीचा. मूलबाळ नाही, बायको करोनात गेली. घर खारीच्या पार टोकाला, मिठागराकडे. आजूबाजूची भावकी जागा बिल्डरला देऊन फ्लॅटमध्ये गेली, हा राहिला. निकेत म्हणाला, ‘काका, नंतर मला कळलं, त्यांच्याशी दिवसातून एकदा बोलणारा माणूस म्हणजे दूधवाला भय्या. तोही हिंदीत.’ अशा माणसाला पंगतीतल्या जेवणाचं काय मोल असतं? कुणीतरी दारात यावं, आपलं नाव घ्यावं, एवढंच हवं असतं रे. मी एकटा राहतो, मला विचारा.

असो. हळदीची रात्र. पंधरा फेब्रुवारी, शनिवार. मांडवात डीजे, पोरं नाचतायत, केटररच्या प्लास्टिकच्या ताटांची थप्पी. केळीचं पान तेवढं एकच. मांडवाच्या कडेला पितरांसाठी शकूआत्याने वाढून ठेवलेलं. निकेत एका खुर्चीत ताट घेऊन बसला होता. एवढ्या गर्दीत त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. साडेदहाच्या सुमाराला शकूआत्या काठी टेकत मामांकडे आली.

‘ईश्वर, धर्मा न्हाय दिसला?’

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मग निकेतला हाक मारली. निकेत सरळ म्हणाला, ‘ते नाव डबल होतं मामा. मी एक काढलं.’

मामांचा चेहराच उतरला. ‘अरे, डबल कुठलं! एक आज्जा, एक नातू! सकाळपासून गावातल्या सगळ्या चुली बंद आहेत. तो माणूस वाट बघत बसला असेल रे.’ त्यांनी स्वतःच्या हाताने तांदूळ आणि सुपारी निकेतच्या मुठीत दिली. ‘जा. तूच जा. पाया पड आणि घेऊन ये.’

निकेत निघाला. पाच मिनिटांची वाट. दोन बिल्डिंगांच्या मधली बोळ, पुढे बंद पडलेलं एक गॅरेज, मग दिवे संपतात. डीजे मागे राहिला. खाडीकडून वारा येत होता, चिखलाचा वास. पोराच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. माफी कशी मागायची.

घर दिसलं. कौलारू, बैठं. आत दिवा नाही. दार उघडं.

ओटीवर कुणीतरी बसलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन.

‘धर्मामामा?’

निकेत पायरीशी गेला.

‘मी ईश्वरमामांचा भाचा. आवतान घेऊन आलोय. उशीर झाला, माझीच चूक. चूलबंद आहे.’

...

‘मामा?’

‘कोनाचं?’

आवाज खूप म्हातारा होता. साठीचा नव्हता.

‘धर्मा गोमा घरत यांचं.’

‘माजं आयलं.’

निकेत गोंधळला. घरात अजून कुणी आहे हे मामांनी सांगितलं नव्हतं.

‘आलं? कधी?’

खाडीकडे टिटवी ओरडली. मग तो माणूस बोलला. हळू. एकेक शब्द.

‘माजं आयलं. त्याचं न्हाय आयलं.’

‘कुणाचं?’

अंधारात हात हलला. दाराकडे.

‘तो आत उपाशी. मी कसा जाऊ जेवाला?’

निकेतने मोबाईलचा टॉर्च लावायला खिशात हात घातला. का कोण जाणे, काढवेना. मला म्हणाला, ‘काका, मला वाटलं, यांच्या तोंडावर उजेड पाडू नये.’

‘उठव त्याला,’ तो म्हातारा म्हणाला. ‘माज्यानं उठवत न्हाय.’

...

निकेत त्याच्या बाजूने आत गेला. इतक्या जवळून गेला, पण श्वास ऐकू आला नाही. आत गेल्यावर टॉर्च लावला.

शेगडी घासूनपुसून कोरडी. भांडी पालथी. खुंटीला इस्त्री केलेला पांढरा शर्ट, निघायच्या तयारीत. आणि खाटेवरून खाली, जमिनीवर... धर्मा.

घामाने चिंब. डोळे अर्धवट. उशाशी गोळ्यांची रिकामी पट्टी. ती पट्टी निकेतने ओळखली, रसिकाताईंना तीच साखरेची गोळी चालू आहे. सकाळची गोळी घेतली, संध्याकाळची घेतली, आणि आवतान येईलच, मांडवात जेवू म्हणून दिवसभर पोटात काही नाही! साखर पार खाली गेली होती. अजून तासभर कुणी आलं नसतं तर... जाऊ दे. ते बोलायलाच नको.

निकेतने डबे धुंडाळले. हळद. मीठ. साखर सापडली. पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना लावली, मग थोडी, मग घोटभर. पोरगं रडत होतं आणि मामा, मामा करत होतं. बऱ्याच वेळाने धर्माने डोळे उघडले.

‘कोन?’

निकेतने धर्माची मूठ उघडली, तांदूळ आणि सुपारी आत ठेवली, आणि म्हणाला, ‘धर्मा गोमा घरत, चूलबंद आवतान आहे.’

तो माणूस लहान मुलासारखा रडला रे. म्हणाला, ‘मना वाटलं, गावानं माजं नाव काढलं.’

निकेत मला म्हणाला, ‘काका, गावाने नाही. मी काढलं होतं. एका बटनाने.’

धर्मा उठून बसता झाला, पांढरा शर्ट अंगात घातला. निकेत म्हणाला, ‘बाहेर आजोबा बसलेत, त्यांनाही घेऊ बरोबर. तेही जेवले नाहीत.’

‘कोन आजोबा?’

‘ओटीवरचे.’

‘हतं मी एकलाच रहातो,’ धर्मा म्हणाला.

दोघं बाहेर आले. टॉर्च मारला.

ओटी रिकामी.

निकेतने धर्माचा हात धरला आणि दिव्यांकडे चालू लागला. मागे बघितलं नाही. मांडवात मामांनी धर्माला मिठी मारली, सगळ्यांसमोर कान पकडले, स्वतःच्या शेजारी बसवून वाढलं. शकूआत्याने त्याच्या कपाळाला हळद लावली. धर्मा जेवला. पोटभर जेवला, दोनदा भात घेतला. निकेत समोर बसून बघत होता.

मध्ये एकदा त्याचं लक्ष मांडवाच्या कडेला गेलं. पितरांचं पान तिथे नव्हतं. शकूआत्या कुत्र्यांना शिव्या घालत होती.

मामा धर्माला रात्री ठेवूनच घेत होते. पण तो ऐकेना, म्हणाला, दार उघडं टाकून आयलोय. मग निकेतच सोडायला गेला. त्याला एकट्याला परत त्या घरी जाऊ द्यायचं पोराच्या जिवावर आलं होतं. बोळ, गॅरेज, अंधार.

ओटीजवळ धर्मा थांबला.

निकेतने टॉर्च खाली केला.

जिथे तो म्हातारा बसला होता ना... तिथे केळीचं पान होतं. शीतही न ठेवता जेवलेलं. मधोमध दुमडलेलं, आणि उडू नये म्हणून वर एक खडा.

कुत्रं पान दुमडतं का रे?

धर्मा खाली बसला. पानाला हात लावला नाही.

‘माजा आज्जा,’ तो म्हणाला, ‘घरातले सगले जेवल्याबिगर पानावर नव्हता बसत.’