उन्हाला पुरून उरणारा फ्लॅश

“सूर्याला हरवेल असा फ्लॅश आहे का तुमच्याकडे?”

गिरगावातल्या त्या फोटोसामानाच्या दुकानात शिरता शिरताच तुळसाने विचारलं. शेठ जेवायला गेले होते, काउंटर रिकामा होता. मागच्या टेबलाआडून मात्र एक डोकं हळूच वर आलं – विस्कटलेले केस, दातांत धरलेली सोल्डरची तार, आणि हसू दाबणारे दोन डोळे.

तार तोंडातून काढत तो म्हणाला, “सूर्यानं काय केलं तुमचं?”

तुळसाने पर्समधून एक फोटो काढून काउंटरवर आपटला. वरळी कोळीवाड्याच्या वाळूत, अर्ध्यामुर्ध्या बांधलेल्या होडीपुढे उभ्या असलेल्या नऊ कोळणी. लुगडी झकास, अंबाड्यातली फुलं झकास. पण डोळ्यांच्या जागी… काळे खड्डे.

त्याने फोटो दाराकडच्या उजेडात धरला. “नऊ जणींनी एकदम गॉगल घातलेत की काय?”

“हसू नका हां! माझ्या आईसकट अख्खा वाडा हसून झालाय.”

ते खरंच होतं. दादरला तात्यांच्या स्टुडिओत तुळसा दोन वर्षं फोटो काढत होती, आणि लग्नाच्या मुलींचे फोटो काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण स्टुडिओतले दिवे तिचं ऐकायचे. भर दुपारचं ऊन कोणाचं ऐकतं? इकडे कोळीवाड्यातल्या नऊ बायकांनी मिळून स्वतःची होडी बांधायला घेतली होती – वाड्यातली बायकांच्या मालकीची पहिली होडी! होळीच्या पुनवेला, दुपारी बाराच्या भरतीला ती पाण्यात उतरणार होती. भरती काही फोटोसाठी कोवळ्या उन्हाची वेळ धरून येणार नव्हती. आधी हात बसावा म्हणून तुळसाने हा फोटो काढला, तर नऊ जणींची म्होरकी राधाबाई तो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “आमचे डोले कुठं गेले गो तुलसा?” आणि जरा थांबून, “त्या दिवशी जमलं त जमलं. नायतर भायेरचा फोटोवाला बोलवू.”

हे सगळं तिने त्या अनोळखी माणसाला एका दमात सांगून टाकलं. का, कोण जाणे… तो मध्ये बोलला नाही म्हणून असेल. कॅमेरा हातात असलेल्या मुलीला शिकवायची घाई न करणारा पुरुष तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

“मी दौलत,” तो म्हणाला, आणि त्याने तीन फ्लॅश दाखवले. सिगरेटच्या पाकिटाएवढा पहिला तिच्यापुढे ठेवला. “हा वाढदिवसाचा. केक कापेपर्यंत ठीक.” मग कोपऱ्यातल्या स्टँडवरच्या भल्याथोरल्या दिव्याकडे बोट केलं. “याची ताकद दांडगी. पण समुद्रात प्लग कुठे शोधणार?” शेवटी एक वजनदार, दांडीवाला फ्लॅश काढला, खांद्याला अडकवायच्या बॅटरीसकट. “आणि हा.”

“यातला सगळ्यात पॉवरफुल कुठला?”

“सगळ्यात पॉवरफुल नका घेऊ. नऊ जणी फोटोत मावतील एवढ्या लांबून त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचेल असा घ्या.” तो घुटमळला. “आणि न तपासता तर घेऊच नका. रविवारी बाराला आमच्या चाळीच्या गच्चीवर या, घोडपदेवला. म्हणजे… आई असते घरी!” शेवटचं वाक्य घाईघाईने जोडताना त्याचे कान लाल झाले.

“आणि फोटो कोणाचा काढायचा?”

“मी आहे की. लग्नाचा आहे, पण मुलगी नाही, एवढंच.”

तुळसाला हसायचं नव्हतं. पण ती हसली.

रविवारी गच्ची तव्यासारखी तापली होती. एका बाजूला दौलतच्या आईचे, सुभद्राकाकूंचे पापड वाळत होते. दौलतने खडूने आठ, बारा आणि सोळा फुटांवर रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेवर आळीपाळीने उभा राहिला. तो पूर्वी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होता, हे त्याने बोलता बोलता सांगितलं.

“जळालेल्या मोटारी बघायचो. मग संप झाला. तीन वर्षं झाली, आमच्या गिरणीचा भोंगा काय परत वाजला नाय. बाबांनी वाट बघितली, मी नाय बघितली. म्हटलं, मोटारी नाहीत तर फ्लॅश.” तो हे हसत सांगत होता, पण समोरच्या गिरणीच्या थंड धुराड्याकडे मात्र त्याने पाठ केली होती.

लहान फ्लॅश आठ फुटांवरच दमला असणार, हे दोघांनाही कळत होतं. दांडीवाला जोडल्यावर दौलतने विचारलं, “शटर कितीवर ठेवता?”

“साठवर. स्टुडिओत तेवढंच ठेवतात.”

“पाचशेवर ठेवून बघा.”

“सगळा अंधार येईल!”

“उन्हाला येईल, फ्लॅशला नाही. पाचशेवर शटर सेकंदाचा पाचशेवा भागच उघडं राहतं, तेवढंच ऊन आत शिरतं. फ्लॅश तर डोळा लवायच्या आत येऊन जातो, त्याला साठ काय नि पाचशे काय! सगळ्या कॅमेऱ्यांना हे जमत नाही… तुमच्या या म्हाताऱ्याला जमतं.”

तुळसाने आपल्या दोन भिंगांच्या जुन्या कॅमेऱ्याकडे नव्याने पाहिलं. पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचा तो कॅमेरा. काचेत चिमुकला दौलत उभा होता, डावा-उजवा उलटा.

“हनुवटी जरा वर… लेन्सकडे बघा… अहो, लेन्सकडे… बघ ना रे!”

तो ‘रे’ तिच्या तोंडून कसा निसटला तिचं तिलाच कळलं नाही.

“बघतोय गं,” तो हळूच म्हणाला.

इतक्यात जिन्यातून सुभद्राकाकू तांब्या घेऊन आल्या. “गो बाय माझ्या, उन्हान करपशीत! आधी पाणी पी. आणि तू रे मेल्या, तिका सावलीत तरी बसव!”

सोमवारी दुपारी, स्टुडिओच्या लाल दिव्याखाली, तुळसाने ट्रेमध्ये एकेक कागद बुडवला. लहान फ्लॅश – खड्डे. दांडीवाला, साठ – बरा, पण डोळे अजून झोपलेले. दांडीवाला, सोळा फूट, पाचशे… आधी आकाश आलं, गडद. मग शर्टाची बटणं, मग हनुवटी. मग डोळे.

लख्ख, हसरे डोळे. पण ते लेन्सकडे बघत नव्हते. बघत होते जरा वर… जिथे मान खाली घालून ती स्वतः उभी होती.

तिने आधीचे फोटो परत उचलले. त्यांत डोळे काळोखात होते, काही कळायला मार्ग नव्हता. म्हणजे तो अख्खा वेळ…

“तुळसा, झाले का गं फोटो?” बाहेरून तात्यांनी विचारलं.

“नाही हो तात्या! अजून… धुतेय!” म्हणत तिने तो कागद तिसऱ्यांदा पाण्यात सोडला.

मंगळवारी ती गिरगावात पोचली तेव्हा शेठ काउंटरवरच बसले होते. तुळसा सरळ मागच्या टेबलाशी गेली.

“फ्लॅश पास,” ती म्हणाली. “मॉडेल नापास.”

“का?”

तिने फोटो पुढे ठेवला. “लेन्सकडे बघ म्हटलं होतं.”

“बघितलं की.”

“लेन्स खाली आहे. तू वर बघतोयस.”

दौलतने फोटो बराच वेळ न्याहाळला. मग कान लाल करत म्हणाला, “लहान फ्लॅशमध्ये… हे दिसलं नसतं, ना?”

“अजिबात नाही.”

“मग माझीच चूक. तोच गळ्यात मारायला हवा होता.”

काउंटरवर शेठ उगाचच खोकले. तुळसाने त्यांच्यापुढे पैसे ठेवले, दांडीवाला फ्लॅश उचलला, बॅटरी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि वळली.

“पुनवेला, बाराच्या आत, वरळीला ये. फ्लॅश धरायला माणूस हवाय.”

“कसा माणूस हवा?”

“लेन्सकडे न बघणारा चालेल.”

होळीच्या दिवशी नवी होडी पाण्यावर डुलली तेव्हा कोळीवाड्याचा आवाज वरळीच्या किल्ल्यापर्यंत गेला असेल. नऊ जणी होडीत चढल्या – मध्ये राधाबाई, तिच्या शेजारी तुळसाची आई सोनूबाई. तुळसा बाजूच्या होडीत उभी राहिली. दोन होड्यांतलं अंतर सोळा फुटांहून जास्त होतं, फ्लॅश मधूनच द्यायला हवा होता, म्हणून दौलत एका इवल्याशा होडक्यात पाय फाकवून उभा होता. कॅमेरा आणि बॅटरी तुळसाकडे, फ्लॅश त्याच्याकडे; मधली लांब वायर त्याने स्वतः जोडून आणली होती. होडकं हलायचं, तो हलायचा, आणि बायका खिदळायच्या.

पहिले दहा फोटो फुकट गेले. कॅमेरा समोर आला की सगळ्या जणी काठी गिळल्यासारख्या ताठ. भरती तासाभरात उतरायला लागणार होती आणि फिल्ममध्ये दोनच फोटो उरले होते.

तेवढ्यात राधाबाई म्हणाली, “तुलसा, फोटोचं ऱ्हाऊंदे. हा होडक्यातला पोऱ्या कोन गो?”

तुळसाची मान कॅमेऱ्यावर खाली होती. काचेत नऊ जणी वाट बघत होत्या. तिने श्वास घेतला…

“मी याच्याशी लग्न करणारेय!”

नऊ तोंडं उघडली, अठरा डोळे विस्फारले – आणि तुळसाने बटण दाबलं. फ्लॅश उन्हात वीज पडावी तसा लखलखला. तोच फोटो पुढे त्या नऊ जणींच्या मंडळाच्या भिंतीवर लागला. राधाबाईच्या पापण्यासुद्धा त्यात मोजून घ्याव्यात.

पण फ्लॅश धरणाऱ्याचा तोल मात्र गेला. धप्पकन आवाज झाला, होडकं उलटं, आणि पाण्यावर फक्त एक हात – त्यात ताठ धरलेला फ्लॅश.

सोनूबाईने वाकून त्याच हाताच्या मनगटाला धरून त्याला होडीच्या कडेशी ओढून धरलं. ती त्याला निरखून बघत होती.

“पवता येतं का रं?”

“नाय,” दौलत खोकत म्हणाला. “आणि मला… मला कोणी विचारलंच नाय!”

“बरं, मग विचारते,” तोवर जवळ सरकलेल्या आपल्या होडीच्या काठावर पालथी पडून तुळसा म्हणाली. तिचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. “करशील?”

नऊ जणी एकाच काठावर झुकल्या. भरतीही जणू थबकली.

“करीन,” तो म्हणाला, नाकातोंडातलं पाणी पुसत. “पण आधी फ्लॅश घे गं… भिजेल.”

तुळसाने एका हाताने फ्लॅश घेतला. दुसऱ्या हाताने त्याचा हात धरला, आणि तो काही लवकर सोडला नाही.