झाकण न उघडता वाजलेलं गाणं

ही गोष्ट खरी आहे. मी ती रंगवून सांगत नाही, कारण रंगवण्यासारखं तिच्यात फारसं काही नाहीच. त्या संध्याकाळी जवळजवळ काहीच वाजलं नाही...

आणि तेच डोक्यातून जात नाही.

मंडाले. थाडिंजुटची, दिव्यांच्या सणाची पौर्णिमा. दारोदारी मेणबत्त्या लागत होत्या. लोक फळांची ताटं घेऊन आपापल्या गुरूंच्या पाया पडायला निघाले होते. सया हान टुनच्या दिवाणखान्यात चटया कमी पडतील इतकी गर्दी. गुरूला आमच्याकडे सया म्हणतात, गुरू बाई असेल तर सयामा. मी मागे खांबाला टेकून बसले होते. माझी मावसबहीण सबे पुढे, पियानोपाशी.

त्याआधीचं सगळं मला सबेने सांगितलंय. शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सबे लहानपणी सयामा ओनमेंकडे पियानो शिकली. शिकली म्हणजे, पहिले कित्येक महिने तिने पियानोला हातच लावला नाही.

सयामांची पद्धतच तशी. झाकण बंद. शिकणाऱ्याच्या एका हातात छोटी झांज, दुसऱ्यात लाकडी चिपळी. आधी गाणं तोंडाने म्हणायचं. मग तोंड मिटून तेच गाणं आतल्या आत ऐकायचं, हात तेवढे ताल धरणार. टिन्... टक. टिन्... टक. पुढे तेही बंद. गुरू आणि शिष्य समोरासमोर डोळे मिटून नुसते बसायचे. दोघांच्या आत एकच गाणं चालू. ते संपलं की दोघांनी चिपळीचा शेवटचा एक ठोका द्यायचा.

दोन ठोके एकदम पडले तरच झाकण उघडायचं.

पुढेमागे पडले तर सयामा म्हणायच्या, "परत पहिल्यापासून."

सबेची आई कुरकुरायची. "रोज जाते आणि पियानोचं झाकण पुसून येते. मोलकरीण हवी होती तर तसं सांगायचं होतं सयामाने!"

सयामांच्या कानावर ते गेलं. त्या पान चघळत हसल्या. म्हणाल्या, "आईला सांग, बोटं ही मोलकरणी. मालकीण आत असते. ती जागी झाल्याशिवाय मोलकरणींना काम काय सांगणार?"

हान टुन हा त्यांचा सगळ्यात जुना शिष्य. त्यांच्याच घरात वाढला, त्यांच्याच हातचा भात खाऊन. म्हणून त्यांनी आपलं ठेवणीतलं गाणं त्याला दिलं. असं गाणं एकालाच देतात. ते कुठे लिहिलेलं नसतं. आणि ते चारचौघांत वाजवण्याआधी हात जोडून, ते कोणाकडून मिळालं त्यांचं नाव मोठ्याने घ्यायचं असतं. ते चुकत नाही. दारू पिऊन आलेला वादकसुद्धा ते चुकत नाही.

सबेने ते गाणं तेव्हा बांबूच्या भिंतीपलीकडून ऐकलं होतं. त्यात शेवटाकडे एक जागा होती. सूर खाली उतरायचा आणि थांबायचा. एक पूर्ण टिन्... टक जाईपर्यंत काहीच नाही. नुसती पोकळी. मग गाणं पुन्हा उचलायचं.

हान टुन यांगूनला गेला. टीव्हीवर आला.

सयामा शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला गेल्या होत्या. सबे बरोबर होती. समोर चहापत्तीची कोशिंबीर ठेवलेली. हान टुनने हात जोडले नाहीत. मुलाखत घेणारीने विचारलं, हे अद्भुत गाणं कुठून मिळालं? तो म्हणाला, "स्वप्नात ऐकलं."

मग त्याने ते वाजवलं. वेळ कमी होता म्हणून असेल, त्याने ती पोकळी गाळली.

शेजारीण म्हणाली, "सयामा, हा तुमचाच हान ना?"

सयामांनी ताट बाजूला सारलं. उठून घरी आल्या. दारात सबेला म्हणाल्या, "नाव गिळलं माझं. ते एक वेळ पचेल त्याला. गाणं पचणार नाही... मी पचू देणार नाही."

त्यांनी पियानोचं झाकण लावलं. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. तोवर ते झाकण उघडलं नव्हतं.

काही वर्षांनी हान टुन मंडालेला परतला. मोठा माणूस होऊन. संगीत शाळेत पियानो शिकवायची जागा रिकामी होती आणि ती कोणाला मिळणार हे त्याच्या शब्दावर होतं. त्याने सबेला निरोप पाठवला. माझं गाणं तुला देतो, थाडिंजुटला सगळ्यांसमोर तू माझ्या पाया पड आणि ते वाजव. जागा तुझी.

"त्या माणसाच्या पाया पडणार?" आईने विचारलं.

"पडेन. आणि मग आयुष्यभर शिकवेन. सयामांच्या पद्धतीने."

"त्या काय म्हणतील?"

"आता त्या कुठून म्हणणार, आई."

हान टुनच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर सबेला एक गोष्ट खटकली. गोंगाट. टीव्ही चालू, शेजारी रेडिओ चालू, दोन पंखे, पिंजऱ्यात चार साळुंक्या. शिकवतानाही तो काही बंद करायचा नाही.

"सया, टीव्ही जरा बारीक करू?"

"राहू दे! तुला काय, आत ऐकायचंय? म्हातारीची थेरं इथे नकोत. बोटांकडे बघ आणि तसंच वाजव."

सबे घरी येऊन मात्र जुन्या सवयीने डोळे मिटून बसायची. नवं गाणं आत ऐकायची.

पहिल्या दिवशी ठीक होतं.

दुसऱ्या खेपेला ती गाळलेली जागा आली... आणि आत झांज वाजली.

टिन्.

सबेच्या हातात झांज नव्हती.

तिने डोळे उघडले. भर दुपार. आई मशीनवर लुंगी शिवत होती.

"आई, काही वाजलं?"

"माझी कंबर वाजली."

सबेने खिडकी लावली. पुन्हा बसली. पुन्हा तीच जागा... टिन्. मग तिने कानांत कापूस घट्ट कोंबला. आवाज बाहेरचा असेल तर कमी व्हायला हवा.

तो वाढला.

झांजेच्या कडांची किंचित थरथरसुद्धा ऐकू आली. आणि तिच्यामागे कुणाचा तरी श्वास. पान चघळणाऱ्या माणसाचा असतो तसा, ओलसर.

त्यानंतर तिची गाणी जाऊ लागली.

सबे एकेक जुनं गाणं आत लावून बघायची. सुरुवात व्हायची, दोन ओळी यायच्या... मग शांत. दुसऱ्या दिवशी त्या दोन ओळीही नाहीत. शब्द आठवायचे, बोटं कुठे पडतात तेही आठवायचं. पण ऐकू काही यायचं नाही. भिंतीवर लावलेल्या चित्रासारखं, मुकं. एका सकाळी तिने आई लहानपणी म्हणायची ती अंगाई लावून पाहिली.

नाही.

आत फक्त ते एक गाणं उरलं होतं. आणि त्या जागेवर थांबलेलं कुणीतरी.

ती हान टुनकडे गेली. पौर्णिमा तोंडावर आली होती. ती बोलायला तोंड उघडणार एवढ्यात वीज गेली.

टीव्ही, रेडिओ, पंखे, सगळं एकदम बंद. साळुंक्याही गप्प झाल्या...

हान टुनचा चेहरा सबेने तेव्हा पाहिला. त्याने झडप घालून जेवणाचं ताट उचललं आणि त्यावर चमचा बडवायला लागला.

"बोल काहीतरी! बोल ना पोरी! गप्प काय बसलीस?"

"सया, माझ्या आत—"

चमचा थांबला. दोघंही थांबले.

टिन्.

दोघांनी एकाच क्षणी मान वर केली.

हान टुन हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "ऐकू आली! तुलाही ऐकू आली! म्हणजे येतेय ती तुझ्याकडे!"

"कोण?"

"उगाच विचारू नकोस. त्या टीव्हीच्या दिवसापासून माझ्या आत एक सूर नाही. नुसती बोटं हलवतो मी, माकडासारखी. जरा शांत झालं की ती झांज घेऊन बसलेलीच. गाणं तुला दिलं की तीही तुझी. पौर्णिमेला गुडघे टेक, मी सुटलो!"

"आणि मी आलेच नाही तर?"

"अर्धं गाणं घेऊन बसली आहेस पोरी," तो मायेने म्हणाला. "अर्धी ती तुझ्यात आलीच आहे. जाशील कुठे?"

वीज आली. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. त्याने आवाज मोठा केला.

सबे मला म्हणाली, मला भीती वाटायला हवी होती. पण वाटत होता तो संताप. सयामांच्या हातचा भात खाऊन मोठा झालेला हा माणूस सयामांना खरकट्यासारखं दुसऱ्याच्या ताटात ढकलत होता.

पौर्णिमेची संध्याकाळ.

हान टुन उंच आसनावर बसला होता. नवी रेशमी लुंगी, गळ्यात फुलं. अंगणात मुद्दाम लाउडस्पीकर लावलेला. शिष्य एकेक करून पाया पडले. सबेची पाळी आली. नारळ आणि केळ्यांचं ताट तिने पुढे ठेवलं. गुडघे टेकले.

"बोल," तो म्हणाला. "हे गाणं कोणाकडून घेतेस?"

सबेने हात जोडले. मान वर ठेवूनच म्हणाली, "सयामा ओनमेंकडून."

कुजबुज उठली. एक म्हातारे वादक मोठ्याने म्हणाले, "अरे, खरंच की! हे तर तिचंच!"

हान टुन हसण्यावारी नेऊ लागला. "पोरगी गोंधळली. वाजव, वाजव."

सबेने पियानोचं झाकण हळूच लावलं.

"सया, आधी सयामांच्या पद्धतीने. आपण दोघं. तुम्हीच तर त्यांचे पट्टशिष्य." तिने एक चिपळी त्याच्यासमोर ठेवली. एक स्वतः घेतली. झांज मांडीवर ठेवली. "तो लाउडस्पीकर बंद करा कुणीतरी."

"हां, होऊन जाऊ दे!" म्हातारे वादक खूश झाले. "किती वर्षांत पाहिलं नाही हे!"

सगळे बघत होते. हान टुनने नाही म्हटलं असतं तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. त्याने चिपळी उचलली. दोघांनी डोळे मिटले.

शंभरेक माणसं आणि एक आवाज नाही.

मेणबत्त्या जळत होत्या. बाहेर रस्त्यावरही त्या वेळी कुणी चालत नव्हतं, निदान मला तरी ऐकू आलं नाही. मी त्या दोघांकडे बघत होते. सबे दगडासारखी स्थिर. हान टुनच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याचे ओठ हलत होते. कुणीतरी त्याला बोट धरून एकेक सुरावरून नेत असावं, तसा त्याचा चेहरा बदलत होता.

मग त्याने ठोका दिला.

टक.

एकटाच.

सबेचा हात जागचा हलला नव्हता. म्हाताऱ्या वादकांनी श्वास रोखला. ही घाईची चूक त्यांनी ओळखली...

टिन्.

झांज सबेच्या मांडीवर होती. तिला कुणी हात लावला नव्हता. मी बघत होते.

टक.

हा सबेचा ठोका. गाळलेली पोकळी जेवढी होती, बरोबर तेवढ्याने मागे.

हान टुनने डोळे उघडले नाहीत. त्याचे ओठ हलले आणि अगदी नम्रपणे, शाळेतल्या पोरासारखा, तो म्हणाला, "हो सयामा. परत पहिल्यापासून."

आणि गुडघ्यावर बोटाने ताल धरू लागला.

लोक थांबले. मग हाका मारल्या. मग हलवलं, पाणी मारलं. बोट थांबलं नाही.

त्या रात्री सबेच्या आत अंगाई परत आली. मग बाकीची गाणी. शाळेतली जागाही पुढे तिला मिळाली, म्हाताऱ्या वादकांनी शब्द टाकला.

हान टुन आता त्याच्या बहिणीकडे असतो. भरवलं तर जेवतो. डोळे बहुतेक वेळ मिटलेले. डॉक्टरांनी दोन-तीन वेगवेगळी नावं सांगितली आजाराची.

मी सबेला एकदाच विचारलं होतं, तुझा ठोका इतका अचूक कसा पडला? तिने आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "माझ्या आत तेव्हा गाणं चालूच नव्हतं. मी नुसती बसले होते. हात आपोआप उचलला गेला."

गेल्या महिन्यात आम्ही दोघी त्याला बघायला गेलो. तो ओसरीवर बसला होता, बोट आपटत. वाळलाय खूप. बहीण रडत होती. मला राहवलं नाही. मी सबेला हळूच म्हटलं, "आता पुरे नाही का झालं? सयामांना सांग ना, सोडा त्याला."

सबे त्याच्या बोटाकडे बघत होती. मान किंचित कलती, कुणीतरी पलीकडच्या खोलीत वाजवत असताना आपण ऐकतो तशी.

"कसं सोडतील?" ती शांतपणे म्हणाली. "अजून त्या जागेवर थांबत नाहीये तो."

तो फक्त बोट आपटत होता. सगळे ठोके सारखे. त्यावरून तो गाण्यात कुठे आहे, हे कुणालाच कळणं शक्य नाही. मी घरी येऊन बराच विचार केला. शक्य नाही.

मग सबेला ते कोण सांगतं?